पाऊस पडला की ईएलसीबी पडायचा, चोर निघाली दारावरची बेल

गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला एका रिटायर्ड मास्तरांचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे बाल्कांव (बसायची ओसरी), मध्ये राजांगण (आतलं उघडं अंगण) आणि स्वयंपाकघर पार मागे विहिरीकडे. गणेश चवथीच्या आधी त्यांचा फोन आला की बेल नीट वाजत नाही, पाहुणे येतील तेव्हा पंचाईत होईल, येऊन बघून जा. आणि जाता जाता म्हणाले, अरे तो ईएलसीबी (करंट कुठे जमिनीत गळला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) पण रात्रीचा पडतो, पण त्याचं नंतर बघू, आधी बेल. मी विचारलं कधी पडतो, तर म्हणे जोराचा पाऊस असला की. म्हटलं मास्तर, मग मी पावसातच येतो.

आमच्या धंद्यात बेलचं काम म्हणजे कोणी कामात धरत नाही. नवीन आणा, दोन स्क्रू मारा, झालं. त्यांच्या मुलाने ऑनलाइन वायरलेस बेल पाठवलेलीच होती, पण तीन तीन भिंती ओलांडून मागे स्वयंपाकघरापर्यंत तिचा सिग्नल पोचत नव्हता, आणि काकी तर दिवसभर तिकडेच. शिवाय तिचं बटण बाल्कांवात पावसाची झड खाऊन आतून ओलं झालेलं, त्यामुळे ती पडून होती. जुनी टिंग-टाँग मात्र आतल्या पॅसेजमध्ये, आवाज थेट विहिरीपर्यंत जाणारा.

गेलो तेव्हा पाऊस धो धो. बटण दाबलं तर नुसतं टिंग, टाँग नाहीच. आता ही बेल आतून एकदम साधी असते, एक कॉइल, तिच्या नळीत लोखंडी दांडा, एक स्प्रिंग आणि दोन बाजूंना दोन पत्रे. दाबलं की कॉइल दांडा ओढते आणि तो एका पत्र्यावर आपटतो, सोडलं की स्प्रिंग मागे ढकलते आणि दुसऱ्यावर आपटतो. टाँग येत नाही म्हणजे दांडा मागे येत नाही. कव्हर काढलं तर खोबरेलाचा वास! काकी म्हणाल्या, दर वर्षी चवथीला मीच घालते थोडं, म्हणजे मोकळी राहते. खोबरेल घट्ट होऊन धूळ धरतं आणि त्याचा नुसता डिंक होतो, त्या नळीत तेल घालायचंच नसतं, कोरडीच ठेवायची असते. मुलीच्या वेणीला ठीक आहे ते.

पण दांड्याला हात लावायच्या आधी दुसरीच गोष्ट कानावर आली. बटणावर कोणाचं बोट नाही आणि तरी बेल बारीक आवाजात गुणगुणत होती. कॉइलवर बोट ठेवलं तर कोमट. मास्तर म्हणाले हे तर पावसाळ्यात असतंच, शेजारची पोरं म्हणतात घरात भूत आहे.

टेस्टर लावला. बटण न दाबता बेलच्या दोन्ही टर्मिनलवर फेज, म्हणजे जिवंत वायर, दाखवतोय. बरोबर जोडणी असेल तर एकावरही दिसायला नको, कारण फेज बटणापाशी अडलेला असतो. इथे फेज थेट बेलला आणि बटण न्यूट्रलवर, म्हणजे बेल आणि बटणापर्यंतची सगळी वायर चोवीस तास जिवंत. गंमत म्हणजे नुसतं बटणापाशी चेक केलं तर हे कळत नाही, कारण दोन्ही जोडण्यांत एका टोकाला टेस्टर पेटतोच. बटण दाबून धरून बघावं लागतं, बरोबर जोडणीत दोन्ही टोकं पेटतात, उलट्या जोडणीत दोन्ही विझतात.

मग डोक्यात सगळं जुळत गेलं. बटणाची वायर भिंतीतून बाहेर जाते ते भोक उघडंच, पाइप नाही काही नाही, आणि वायर त्या जमान्यातली, रबरावर सुती वेष्टण असलेली. चिरा पावसात पाणी शोषून घेतो. रबर तडकलेलं, त्यामुळे करंट कॉइलमधून येऊन त्या ओल्या भिंतीत, म्हणजे सरळ अर्थिंगमध्ये जातोय. थोडा गेला की कॉइल अर्धवट ओढते, दांडा धड पुढे नाही धड मागे नाही असा थरथरत राहतो, 50 हर्ट्झची सप्लाय म्हणजे सेकंदाला शंभर झटके, हेच ते भूत. जास्त गेला की ईएलसीबी पडतो. तो 30 मिलिअँपिअरचा असला तरी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो.

मेन बंद केला, वायर दोन्ही टोकांना सोडवली आणि 500 व्होल्टचा मेगर (वायरचं वेष्टण किती धड आहे ते मोजणारं मीटर) लावला, एक टोक वायरला, एक अर्थला. एक मेगओहम तरी पाहिजे होता, काटा जवळजवळ शून्यावरच.

आणि या सगळ्यात बळी कोणाचा गेला तर फ्रिजचा. आधी कोणीतरी येऊन सांगून गेला होता की फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून करंट अर्थिंगला गळतोय, म्हणून यांनी चांगला चालणारा फ्रिज देऊन नवीन घेतला. तरी पडतोच म्हटल्यावर त्यानेच सल्ला दिला की ईएलसीबी काढूनच टाका. मास्तर ऐकले नाहीत हे नशीब! असले सल्ले देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, भिंत ओली, माणूस अनवाणी, आणि जे एक उपकरण ओरडून सांगतंय त्यालाच काढा म्हणे.

दुरुस्ती काय केली तर दांडा आणि नळी स्पिरिटने पुसून कोरडी केली, बटणाच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या त्या पॉलिश पेपरने घासल्या, आतल्या मुंग्या झाडल्या. भोकात नवी वायर आणि पीव्हीसी पाइप टाकला, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, म्हणजे पाणी आत न येता बाहेर गळेल. फेज-न्यूट्रल सरळ करून भागलं असतं, पण मग पावसात भिजणाऱ्या बटणावर 230 व्होल्ट राहिलेच असते आणि ते मला पटेना. म्हणून आत एका बॉक्समध्ये 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि छोटा रिले (कमी व्होल्टवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवला. आता बटण फक्त रिलेला 12 व्होल्ट देतं आणि बेलचा फेज रिले जोडतो. बेल तीच, आवाज तोच.

मेन टाकला, पाऊस चालूच होता, ईएलसीबी शांत. काकींनी स्वतः बाहेर जाऊन बटण दाबलं आणि टाँग ऐकून परत परत दाबत बसल्या, शेवटी मास्तर ओरडले की पुरे आता.

पुढच्या वायरमनचा गोंधळ नको म्हणून कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं, बटण 12 व्होल्ट, बेल 230, तेल घालु नये. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, माझ्या हातातला मार्कर घेतला आणि 'घालु'चा उकार दीर्घ करून दिला.