मशीन हेड, आठवा महिना: सातपैकी चार झाली, 'लेझी' अडलंय

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा दोन गाणी झाली होती, आता चार झालीत. आठ महिन्यांत चार म्हणजे काही ग्रेट नाही, पण ऑफिस आणि लोकल सांभाळून रात्री साडेदहानंतर जेवढा वेळ मिळतो त्यात एवढंच होतं. नवीन कोणी वाचत असेल तर, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा १९७२ चा सात गाण्यांचा 'मशीन हेड' हा अख्खा अल्बम गिटारवर बसवायचा असा नाद घेतलाय. वय ४३, सर कोणी नाही, गिटार सेकंडहँड.

'स्मोक ऑन द वॉटर' टिक केलं एकदाचं. हसू नका, ते रिफ (गाण्यात परत परत येणारी गिटारची छोटी धून) मी कॉलेजपासून वाजवतोय आणि कॉलेजपासून चुकीचंच वाजवतोय हे आत्ता कळलं. आपण सगळे पिक घेऊन पॉवर कॉर्ड हाणतो, बँडचा गिटारवाला ब्लॅकमोर इथे पिक वापरतच नाही, अंगठा आणि बोटाने दोन तारा एकदम चिमटीत धरल्यासारख्या खेचतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात आणि तो ठसका येतो. डी आणि जी या दोन तारांवर करून बघा (आकडा म्हणजे कितवा फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार), ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०, संपलं. बाबांच्या पेटीवर काढून बघितलं तर वरचा सूर सा धरून सा, कोमल ग, म आणि दुसऱ्या फेरीत तीव्र मध्यमाला हात लावून परत शुद्ध. बाबा आतून ओरडले, "दोन्ही मध्यम घेतोयस, राग कुठला हा?" म्हटलं, बाबा, स्वित्झर्लंडचा आहे.

त्याच आठवड्यात रात्री जोशात हेडफोनची पिन काढली आणि अँपवर वाजवलं तर दहा मिनिटांत वॉचमन दारात. पण मनातून बरं वाटलं, कारण या गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगलाही हेच झालेलं. आगीची गोष्ट तर सगळ्यांना पाठच आहे, ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कसिनो, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा शो चालू असताना कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि सगळी इमारत गेली, पर्पल तिथेच रेकॉर्ड करणार होते. मग त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं, तिथे रात्री या गाण्याचा ट्रॅक चालू असताना आवाजाने गाव जागं झालं आणि पोलीस दार ठोकायला लागले, तर यांची माणसं दार आतून दाबून उभी, टेक पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर तिथूनही हाकललं.

मग हिवाळ्यात बंद असलेलं ग्रँड हॉटेल. बँड कॉरिडॉरमध्ये, भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि रेकॉर्डिंगचं सामान बाहेर रोलिंग स्टोन्सच्या मोबाइल स्टुडिओच्या ट्रकमध्ये. टेक ऐकायला ट्रकपर्यंत जायचं म्हणजे खोल्या, बाल्कन्या, सगळं ओलांडत जायचं, म्हणून शेवटी यांनी जाऊन ऐकणंच सोडून दिलं, बरं वाटलं की पुढचं गाणं. अल्बम एवढा लाइव्ह वाटतो तो मला तरी यामुळेच वाटतो, दहा वेळा ऐकून घासत बसायला वावच नव्हता.

'मेबी आय'म अ लिओ' ने मात्र घाम काढला, सहा आठवडे. ऐकायला एकदम सोपं, पण रिफ समेवर सुरूच होत नाही. पायाने ठोका धरला की हात चुकतो, हात बरोबर आला की पाय भलतीकडे. शेवटी गिटार बाजूला ठेवून चार दिवस नुसती टाळी दिली आणि तोंडाने रिफ म्हटलं, तेव्हा बसलं. (बँडमध्ये लिओ, म्हणजे सिंह राशीचा, फक्त गायक गिलन, १९ ऑगस्टचा.)

'नेव्हर बिफोर' दोन आठवड्यांत झालं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सिंगल म्हणून यांनी आधी हेच काढलं होतं, आणि 'स्मोक' सिंगल म्हणून १९७३ मध्ये आलं तर अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, घ्या.

'हायवे स्टार' अर्धवट. रिदम झालाय, सोलो १४० बीपीएमवर (मिनिटाला १४० ठोके) स्वच्छ येतो, ओरिजिनल १७० च्या आसपास आहे. सोलोखाली डी मायनर, जी मायनर, सी, ए असे कॉर्ड फिरतात, ते बाखच्या वळणाचे आहेत हे ब्लॅकमोरनेच सांगितलंय, आणि खरंच हळू वाजवलं तर चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. १५० वर ओढायला गेलो आणि मनगट धरलं, पंधरा दिवस गिटार बंद. माझ्यासारखं करू नका, दर आठवड्याला चार-पाचच बीपीएम वाढवा.

'स्पेस ट्रकिन'' झालं खरं, पण त्यातून मोठा घोळ कळला. २०२४ मध्ये ड्वीझिल झापाने केलेला नवा मिक्स आला ना (हो, त्याच झापाचा मुलगा, काय योगायोग आहे), तो हेडफोनवर ऐकताना लक्षात आलं की मी ज्याला गिटार समजून बसवत होतो त्यातलं निम्मं बँडच्या कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डचं ऑर्गन आहे. आपलं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून काढायचा तो, त्यामुळे ते गिटारसारखंच गुरगुरतं. म्हणजे एकट्या गिटारवर हा अल्बम पोकळच वाटणार, कितीही घासा.

आणि म्हणून 'लेझी' अडलंय. सात मिनिटांचं गाणं, सुरुवातीला लॉर्ड एकटाच खेळत बसतो आणि गिलनचा आवाज निम्म्याहून जास्त गाणं संपल्यावर येतो. 'पिक्चर्स ऑफ होम'ला अजून हात लावला नाही, पण 'लेझी'ला कीबोर्डवाला लागणारच. ठाणे ते कल्याण पट्ट्यात कोणी असेल तर सांगा, चहा-वडापाव माझ्याकडून. तोपर्यंत बाबांना विचारलं पेटीवर घेता का. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मधे दोनदा मानही डोलावली, आणि मग म्हणाले, "सूर काढून देतो रे, पण एवढा वेळ भाता कोण मारणार?"