तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई पाहून समाज कळतो का?

मुंबईच्या पावसाबद्दल आणि गटारांबद्दल मी कुठेही बोलले की शेवटी हा प्रश्न येतोच: मोठ्या शहरात समाजाचा खरा स्वभाव दिसतो का? विचारणाऱ्यांतल्या काहींना २६ जुलै २००५च्या पुरातली माणुसकी पुन्हा एकदा माझ्या तोंडून ऐकायची असते. काहींना वाटत असतं, 'शहरात कोण कुणाचं, खरा समाज गावात' या म्हणण्याला मी मान डोलवावी. दोघांनाही मी आजवर अर्धंमुर्धं उत्तर देऊन वाटेला लावलं. आता सविस्तर सांगते.

सुरुवात गटारापासून करावी लागेल, कारण माझ्याकडे पुरावा तोच आहे. पाऊस रस्त्याकडेच्या जाळीतून चेंबरमध्ये जातो, तिथून पाइपात, पाइपातून नाल्यात, नाल्यातून समुद्रात. समुद्राला किंवा खाडीला मिळणारी अशी १८६ मुखं आहेत आणि त्यांतली कित्येक भरतीच्या पातळीखाली येतात. जुनी रचना तासाला २५ मिलिमीटर पावसाची. तीही ओहोटी आहे आणि निम्मं पाणी जमिनीत मुरतंय असं धरून. डांबर आणि काँक्रीट वाढलं तसं मुरणं संपलं. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं (मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) सांगितलं की क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा आणि पाणी मुरतं हे गणितातून काढून टाका. पुढची बारा वर्षं त्यातलं फारच थोडं झालं.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्यात जेमतेम ७३. दुपारी अडीचनंतरच्या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटरच्या आसपास पडला, म्हणजे पाइपांच्या क्षमतेच्या सातपटीहून जास्त. चारच्या आधी दहा मिनिटं ४.४८ मीटरची भरती होती. मुखं आतून पाणी सोडू शकत नव्हती. मिठी नदीचा गळा आधीच आवळलेला: विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वळवलेलं, पुढे खारफुटीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलेलं, काठावर कारखाने, गोदामं आणि झोपड्या. पाणी कुर्ल्यात, कलिन्यात, साकीनाक्याच्या सखल भागात तासाभरात छातीपर्यंत चढलं.

गाड्यांत माणसं गुदमरून मेली. हे कसं घडलं ते लोक अजूनही नीट विचारत नाहीत, म्हणून सांगते. पाणी दारावर दोन फूट चढलं की बाहेरून साधारण पावणेदोनशे किलोचा दाब येतो, दार आतून ढकलून उघडत नाही. तोवर वायरिंगमध्ये पाणी जाऊन काचेची मोटर बंद पडते, सेंट्रल लॉक अडकतं. म्हणून पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की इंजिनाची काळजी सोडायची, पहिल्यांदा काच खाली करायची. तीही अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूनं मारायचं. मध्यभागी मारलेला घाव वाया जातो. समोरची काच फोडायच्या नादी लागायचं नाही. तिच्यात प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण मोकळी होत नाही.

त्या दिवशी कित्येकांना बाहेरच्या माणसांनी काढलं. रस्त्याकडेच्या वस्त्यांतल्या लोकांनी दोर बांधले, हाताला हात धरून माणसं पलीकडे नेली, चहा-बिस्किटं दिली, अनोळखी बायकांना रात्रभर घरात ठेवून घेतलं. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं त्यांनीही. हे सगळं खरं आहे. याला कुणी 'मुंबई स्पिरिट' म्हणून थट्टेवारी नेलं तर मला आजही राग येतो.

आणि याच जोरावर मी अनेक वर्षं छातीठोकपणे सांगत होते की संकट आलं की शहर आपला खरा चेहरा दाखवतं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं: मग महाडचं काय?

कारण पावसाच्या त्याच माऱ्यात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आले. कातळावरची माती पाण्यानं इतकी जड झाली की ती घरांसकट खाली सरकली. दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. महाड शहर सावित्रीच्या पुरात, रस्ते बंद, मदत उशिरा पोचली. तोवर ढिगारे उपसले ते जवळपासच्या लोकांनी, हातात जे मिळेल ते घेऊन. दोर, घमेली, अनोळखी माणसाला घरात घेणं, सगळं तिथेही होतं. त्याला कुणी 'महाड स्पिरिट' म्हटलं नाही. कॅमेरे मुंबईत होते आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्याही मुंबईत होत्या. रायगड आणि रत्नागिरीतल्या किती घरांत एक माणूस गावी आणि एक मुंबईला असतो! माणसं तीच, पाऊस तोच. मी मात्र त्यातला एक तुकडा उचलून त्याला शहराचा स्वभाव म्हणत होते.

मग स्वभाव गावात दिसतो, असं म्हणू? तेही मला मान्य नाही. महाडचंच चवदार तळं घ्या. गावात तुम्ही पाणीच वेगळं करू शकता, विहीर वेगळी, पाणवठा वेगळा. २० मार्च १९२७ला त्या पाण्याची ओंजळ घेण्यासाठी दलितांना सत्याग्रह करावा लागला. शहरात नळ एक, गटार एक, लोकलचा डबा एक. वेगळं राहायची सोय कमी. म्हणून शहर माणसाला बदलतं, असं मला वाटायचं. आणि मग मी मुंबईच्या गिरण्यांचं साचेखातं, म्हणजे मागांवर कापड विणायचं खातं, नीट समजून घेतलं.

साच्यावर, म्हणजे मागावर, धाग्याची कांडी संपली की कामगार नवी कांडी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. एवढ्या कारणावरून दलित कामगारांना साचेखात्यात येऊ दिलं जात नव्हतं, आणि पगार तर तिथलाच चांगला. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न मांडावा लागला. एकाच संपात एकाच मालकाविरुद्ध उभे राहिलेले लोक होते हे. यंत्रानं त्यांना ओठाइतकं जवळ आणलं आणि त्यांनी यंत्राभोवतीसुद्धा पाणवठा आखला.

तेव्हा आजचं माझं म्हणणं हे असं आहे, आणि ते उद्या बदलू शकतं. संकटाच्या दिवशी शहर पाहू नका. उरलेल्या दिवसांत, जी वस्तू सगळ्यांनी वापरायची पण कुणाची नाही, तिचं काय होतं ते पाहा. मुंबईत एप्रिल-मेमध्ये कुठल्याही मोठ्या नाल्यावर जा. पोकलेन गाळ काढून काठावर ठेवतं, पाणी निथळायला. निथळल्यावर डंपरनं उचलून वजनकाट्यावर न्यायचा. उचलायला उशीर झाला आणि अवकाळी सर आली की तोच गाळ परत नाल्यात. जिथे काठ अतिक्रमणानं बंद झालाय तिथे यंत्र जात नाही, माणूस उतरतो. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे. २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं गटारात उतरून झालेल्या मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली, २०२३ला ३० लाख. भरपाई वाढवावी लागली, यातच सगळं आलं. उतरणारा कोण असतो, त्याचं आडनाव काय असतं, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. 'मुंबईत जातपात नाही' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

काहीच झालं नाही, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उपसा केंद्रं उभी राहिली. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी भरतीतही समुद्रात फेकतो. माहुल आणि मोगरा इथली केंद्रं वर्षानुवर्षं रखडली हेही खरं. आणि चालू असलेल्या पंपांची अडचण पाण्याची नसते. पहिल्या मोठ्या पावसात जाळीवर थर्माकोल, पिशव्या आणि गाद्या येऊन बसतात, पाणी पंपापर्यंत पोचतच नाही. पातळ पिशव्यांवर २००६पासून बंदी आहे, २०१८ला ती आणखी कडक झाली. त्या पिशव्या कुठल्या सरकारनं नाल्यात टाकल्या नाहीत.

२९ ऑगस्ट २०१७ला पुन्हा शहर बुडलं. एल्फिन्स्टन रोडजवळ एक ज्येष्ठ डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये गेले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्यावर मिळाला. पोलिसांचं म्हणणं, झाकण रहिवाशांनी उघडलं होतं, साचलेलं पाणी जावं म्हणून. पाणी ओसरायला हवं हे अगदी खरं. पण उघडलेल्या तोंडाशी पाणी जाईपर्यंत माणूस उभा राहायला हवा, बांबू रोवून त्याला लाल कापड बांधायला हवं. वरून गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, जवळ गेल्यावर भोवरा जाणवतो, आणि तोवर पाय ओढला गेलेला असतो. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. कित्येक ठिकाणी त्या चोरीला जातात.

झाकण उघडणारे शेजाऱ्यांच्या भल्यासाठीच पाण्यात उतरले असणार, असं मी धरून चालते. २६ जुलैला दोर बांधणारेही असेच कुणीतरी होते. दोर बांधला की दुसऱ्या टोकाला माणूस दिसत असतो. झाकण उघडलं की तो दिसत नाही, तो अजून दोन गल्ल्या मागे असतो. हा फरक मुंबईचा आहे, आपल्या सगळ्यांचा आहे की फक्त गढूळ पाण्याचा, हे तुम्ही मला पुढच्या वेळी विचारलंत तरी मला सांगता येणार नाही.