चोर्ला घाटातलं नॉकिंग आणि ‘प्रीमियम घाला’चा हट्ट

गाडीला किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं हे कंपनीनं लिहूनच दिलेलं असतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा, आतल्या बाजूला स्टिकर असतो. आमच्या गाडीच्या स्टिकरवर ‘अनलेडेड, किमान ९१ आरओएन’ असं स्वच्छ छापलंय (आरओएन ही ऑक्टेन मोजायची एक पद्धत), शेजारी ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल असा, शिक्का आहे. मॅन्युअलमध्येही तेच. एवढं असूनही सर्व्हिस सेंटरला ते वाचायला लावण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कुणाचे तरी पैसे आणि हेलपाटे वाचतील.

आम्ही फोंड्याला राहतो, बायकोचं माहेर बेळगावला. त्यामुळे साखळी, केरी करत चोर्ला घाट चढणं हे आमचं नेहमीचंच. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, गिअर हाताने बदलायचे. दोन उन्हाळे हीच गाडी, हाच घाट, हेच साधं पेट्रोल, आणि कधी कसली तक्रार नाही. चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत केरी सोडून चढ लागला तसा बॉनेटमधून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावा तसा. एसी चालू, गाडीत चार माणसं, वर सामान, दुपारचं ऊन. पाय हलका केला की आवाज बंद, परत दाबला की सुरू.

हेच नॉकिंग. प्लगनं ठिणगी टाकायची, मग सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमानं जळत जायचं, ही रीत. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर पलीकडचं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. ते धक्के पिस्टनवर बसतात, त्याचा तो आवाज. पेट्रोल अशा आपोआप पेटण्याला किती विरोध करतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलंय आणि नॉर्मल हेप्टेनला ०, त्या दोघांच्या मिश्रणाशी तुलना करून पेट्रोलचा आकडा ठरतो. म्हणजे ऑक्टेन ही पेट्रोलमधली ताकद नव्हे. ९१ वर चालायला बनवलेल्या इंजिनात ९५ घातलं म्हणून गाडी जास्त ओढत नाही. इंजिनाला जेवढा विरोध हवा तेवढा मिळाला की पुरे. टर्बो इंजिनात हवा दाबूनच आत येते, सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, म्हणून तिथे हा आकडा पाळणं महत्त्वाचं. पाळणं म्हणजे झाकणावर असेल तो पाळणं.

आता सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही.

काउंटरवरच्या मुलानं टॅबवर तक्रार टाइप केली आणि पहिला प्रश्न विचारला, “सर, पेट्रोल कुठलं घालता?” मी म्हटलं, साधं. “मग तेच कारण. टर्बो आहे ना, प्रीमियमच घालायचं.” म्हणजे जास्त ऑक्टेनचं, महागडं पेट्रोल. बॉनेट उघडलं नाही, गाडी आत घेतली नाही. मी झाकण उघडून स्टिकर दाखवला. तो म्हणाला, “ते मिनिमम असतं सर, रेकमेंडेड वेगळं.” ठीक आहे, असं असू शकतं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये किमान ९१ आणि शिफारस ९५ असे दोन आकडे खरोखरच असतात. मी म्हटलं, मग ते रेकमेंडेड कुठे लिहिलंय ते दाखवा. मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणातच होतं, इंधनाचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पान चाळलं, मिटलं, आणि मला वेटिंग रूममध्ये बसायला सांगितलं.

त्या वेटिंग रूमनं माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा मामलेदार कचेरीनंही कधी खाल्ला नव्हता. दर वेळी तेच. सकाळी गाडी द्यायची, दुपारी जेवणाची वेळ टळून जायची, आणि मग कागद हातात यायचा: टेस्ट ड्राइव्ह केली, दोष आढळला नाही. टेस्ट ड्राइव्ह कुठे? सपाट हायवेवर, सकाळच्या गारव्यात, एकटा ड्रायव्हर, एसी बंद. अशा वेळी नॉकिंग होईलच कसं? ते भार असताना होतं, चढावर, कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना), गरम हवेत. मी सांगत होतो की माझ्याबरोबर चला, गाडीत चार माणसं बसवू, फर्मागुडीचा चढ घेऊ. चोर्ला नको, निदान तेवढं तरी करा. उत्तर मिळायचं की माणूस मोकळा नाही.

शेवटी त्यांच्या म्हणण्याची परीक्षा घ्यावी म्हणून टाकी रिकामी होत आल्यावर ९५ चं प्रीमियम भरलं आणि घाट चढलो. आवाज कमी झाला, गेला नाही. हे मी प्रामाणिकपणे काउंटरवर सांगितलं, तर मॅनेजर म्हणाले, “बघा, कमी झाला की नाही? हेच घालत राहा.” आणि वर वॉरंटीचा उल्लेख. माझा प्रश्न एकच होता. दोन वर्षं ज्या पेट्रोलवर हाच घाट गाडी गुपचूप चढली, तेच पेट्रोल सर्व्हिसनंतर अचानक कसं कमी पडायला लागलं? जास्त ऑक्टेननं आवाज दबणारच. ताप उतरवायची गोळी घेतली की ताप उतरतो, पण तो कशानं आला ते शोधायचं राहतंच. ह्या प्रश्नाला तिथे एकाही माणसानं उत्तर दिलं नाही.

मग मी एकच मागणी धरून ठेवली. ‘ह्या गाडीला ९५ ऑक्टेन आवश्यक आहे, ९१ चालणार नाही’ एवढं जॉब कार्डवर लिहून शिक्का मारून द्या. लिहून दिलंत तर मी आयुष्यभर प्रीमियम भरीन. तोंडी दहा वेळा सांगणाऱ्यांपैकी कुणीही पेन उचललं नाही. कुणाचं असं अडलं असेल तर हीच मागणी करा. तोंडी सल्ल्याला जबाबदार कुणी नसतं, लेखी सल्ल्याला असतो.

ह्याच दरम्यान फोंड्यातल्या आमच्या ओळखीच्या मेस्त्रीला गाठलं. वॉरंटीतली गाडी असल्यामुळे त्यानं काही उघडू नये असं मी आधीच सांगितलं होतं, तोही उघडायला तयार नव्हता. त्यानं नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पेट्रोल बदलून कितें जातलें? पयलीं प्लग पळोवया. बिल आसा मरे?” म्हणजे, पेट्रोल बदलून काय होणार, आधी प्लग पाहूया, बिल आहे ना? बिल घरी फाईलमध्ये होतं. चाळीस हजारांच्या सर्व्हिसमध्ये स्पार्क प्लग बदलले होते, आणि बिलावर त्यांचा पार्ट नंबर होता. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत टर्बो इंजिनसाठी दिलेला प्लग वेगळा. बिलावरचा प्लग होता ह्याच मॉडेलच्या बिनटर्बो इंजिनाचा.

प्लगला ‘हीट रेंज’ असते, म्हणजे प्लगचं टोक उष्णता किती लवकर बाहेर सोडतं ते. टर्बोला थंड प्लग लागतो. गरम प्लग लावला तर त्याचं टोक तापलेलं राहतं आणि नको तेव्हा मिश्रण पेटायला कारण मिळतं. एक सांगून ठेवतो, एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशच्या प्लगवर बरोबर उलटं. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्लगचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका, मॅन्युअलमधला नंबर पाहा.

झाकणाच्या स्टिकरचा फोटो, मॅन्युअलची दोन पानं, बिल आणि ते ‘दोष आढळला नाही’वालं जॉब कार्ड असं सगळं जोडून मी कंपनीच्या ग्राहक कक्षाला मेल केली. भाषा साधी ठेवली, राग घातला नाही, शेवटी दोन मागण्या: ग्राहकासोबत चढावर टेस्ट, आणि ती स्कॅनर लावून. ही मेल गेल्यावर मात्र चाकं फिरली.

टेस्टला जो टेक्निशियन आला तो वयानं मोठा, कमी बोलणारा. त्यानं गाडीच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि मागच्या सीटवर बसून स्क्रीन मला दिसेल अशी धरली. फर्मागुडीचा चढ लागला, एसी पूर्ण, तिसरा गिअर, पाय दाबला. आवाज आला आणि त्याच क्षणी इग्निशन टायमिंगचा आकडा खाली घसरला. त्यानं बोट ठेवून दाखवलं. इंजिनावरच्या नॉक सेन्सरला धक्के जाणवले की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, त्यानं इंजिन वाचतं पण ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. गाडी अलीकडे घाटात सुस्त का वाटत होती ते मला तिथे कळलं. परत आल्यावर त्यानं प्लग काढले, नंबर वाचला, आणि काउंटरकडे न बघता सरळ स्टोअरमध्ये गेला. योग्य प्लग बसले, पैसे घेतले नाहीत, आणि जॉब कार्डवर ‘चुकीचा प्लग बदलला’ ही ओळ आली. ती ओळ वाचून मला जे समाधान वाटलं ते खरंच सांगता येत नाही.

त्यानंतर साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या दुपारी, तेवढ्याच माणसांनिशी चोर्ला चढलो. आवाज नाही.

प्रीमियमचा हिशेब सांगायचा राहिला. साध्यापेक्षा लिटरला सहा-आठ रुपये जास्त धरा, पस्तीस लिटरच्या टाकीमागे अडीचशेच्या आसपास झाले. आपल्याकडे गोव्यात पेट्रोलवरचा कर कमी असल्यामुळे ते महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारनं व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला तेव्हा लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले होते. पुढे कर परत वाढला, तरी सीमेवरच्या पत्रादेवीच्या बाजूला सिंधुदुर्गातल्या गाड्या टाकी भरायला येतात त्या ह्या फरकासाठीच. ती बचत गरज नसताना प्रीमियममध्ये घालवायची हे मला पटत नाही. प्रीमियममध्ये इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं जास्त असतात हे खरं, पण तो वेगळा गुण आहे, ऑक्टेनचा नव्हे. पंपावर ‘प्रीमियम घालू?’ असं विचारायच्या आधीच नळी टाकीत गेलेली असते, म्हणून उतरून उभे राहा, नळी कुठली ते पाहा, मीटर शून्यावर आहे ते पाहा.

पेट्रोलच खराब असल्याची शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची नोंद मागता येते, माप कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागता येतं, तक्रार वहीही असते. पण ऑक्टेन ह्यातल्या कशानंच कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं खास इंजिन लागतं. म्हणून ‘ह्या पंपाचं ऑक्टेन कमी आहे’ असं कुणी वास घेऊन सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुबईहून सुट्टीवर आलेल्या मेहुण्यानं मला ९८ भरायला सांगितलं होतं. तिथे पंपावर ९८, ९५ आणि ९१ असे तीन प्रकार मिळतात, तेही आरओएनच. अमेरिकेतला भाचा मात्र ८७ वर गाडी चालवतो आणि त्याची चालते, कारण तिथला आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. तिकडचे व्हिडिओ बघून इथे पेट्रोल ठरवताना हे लक्षात ठेवा.

आणि इथेनॉल. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०० च्या वर आहे, त्यामुळे ते मिसळल्यावर पेट्रोलचा आकडा वाढतो, कमी होत नाही. ‘इथेनॉलमुळे नॉकिंग होतं’ हे मी त्याच वेटिंग रूममध्ये ऐकलं, ते चूक आहे. लिटरमागची ऊर्जा मात्र पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील ई-२० ला चालतात का हे आधी विचारा. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात गाडी महिनोनमहिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

त्या टेक्निशियननं जाता जाता सांगितलेलं एक राहिलं. टर्बो गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटू नये, वेळेत गिअर खाली घ्यावा, योग्य प्लग आणि योग्य पेट्रोल असलं तरीही. आणि तुमच्या झाकणावर किमान ९५ लिहिलेलं असेल तर मी वर प्रीमियमबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही, तुम्ही ९५ च भरा. लांबच्या प्रवासात ते मिळालं नाही तर मॅन्युअल परवानगी देत असेल तेवढंच कमी ऑक्टेन भरा, पाय हलका ठेवा, आणि पुढच्या पंपावर ९५ मिळालं की त्यानं टाकी भरून घ्या.