बुर्किना फासोचा बाक

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली सतरा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ऑक्टोबर लागला की आमचा कला शाखेचा वर्ग विरळ होतो, कारण कापसाची वेचणी सुरू झालेली असते, मजूर मिळत नाहीत आणि घरातल्या मुलामुलींनाच शेतात जावे लागते. २०२५ च्या ऑक्टोबरातही तसेच चालले होते. त्यात सप्टेंबरच्या पावसाने फुटलेली बोंडे भिजून काळी पडली होती, आणि ज्यांच्या घरी पहिल्या वेच्याचा कापूस आला होता त्यांना त्यातला ओलावा हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) बारा टक्क्यांच्या मर्यादेत बसेल की नाही याचा घोर लागला होता. नेमक्या याच दिवसांत मला बारावीला जागतिकीकरण, विकसनशील देशांचे प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य हा भाग शिकवायचा होता.

हा भाग मी वर्षानुवर्षे व्याख्या आणि मुद्दे सांगून शिकवत आले होते. उत्तरपत्रिका तपासताना त्याचे फळ दिसत असे: ‘विकसित देशांनी विकसनशील देशांना मदत केली पाहिजे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मुलाने लिहिलेले असे. त्या वाक्यातले विकसनशील देश नेहमी दूर कुठेतरी असत, आणि लिहिणारा स्वतः त्यांत मोडतो की नाही, हे त्याच्या उत्तरावरून कळायला मार्ग नसे. म्हणून त्या वर्षी मी ठरवले की दोन तासिका जोडून घ्यायच्या आणि एकच प्रश्न वर्गात खेळून पाहायचा. प्रश्न निवडायला मला फार शोध घ्यावा लागला नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, आमच्या खिडकीतून दिसते.

जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे भरली होती. तिच्यापुढे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी कापसाचा प्रश्न आणला होता. त्याआधी १० जून २००३ रोजी बुर्किना फासोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे स्वतः जिनिव्हाला जाऊन संघटनेच्या समितीपुढे बोलले होते. आम्हाला भीक नको, श्रीमंत देशांनी आपल्या कापूस उत्पादकांना दिलेली अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि ती बंद होईपर्यंत आमचे जे नुकसान होईल ते भरून द्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या चार देशांची परकीय चलनाची मिळकत मोठ्या प्रमाणावर रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) निर्यातीवर अवलंबून होती, आणि शेती आमच्यासारखीच, पावसावरची आणि हाताने वेचायची.

वर्गात त्या दिवशी एकतीस जण हजर होते. बाकांची मांडणी बदलून अमेरिका, युरोपीय संघ, ब्राझील, चीन आणि भारत असे पाच गट केले आणि चार आफ्रिकी देशांना मिळून एक बाक दिला. प्रत्येक गटाला त्याच्या देशाची बाजू सांगणारा एक-एक कागद मी मराठीत तयार करून आदल्या आठवड्यात दिला होता. कानकुनमधील एक घटना मी त्या कागदांत मुद्दाम घातली नव्हती: परिषदेच्या पहिल्याच दिवशी ली क्युंग-हे या कोरियन शेतकऱ्याने बाहेरच्या निदर्शनांत स्वतःचे जीवन संपवले होते. वर्गातल्या दोन मुलांच्या घरी काय घडून गेले आहे हे मला माहीत होते, आणि त्यांच्यासमोर ती हकिगत अभ्यासाचा मुद्दा म्हणून मांडण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही.

पहिले भाषण अमेरिकेचे झाले. त्या गटाची प्रमुख असलेल्या मुलीच्या वडिलांची सहा एकर कोरडवाहू शेती आहे, आणि सीसीआयच्या ‘कपास किसान’ अॅपवर त्यांची नोंदणी तिनेच आपल्या मोबाइलवरून केलेली आहे. तिने कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितले, “आमच्या देशात कापसाचा भाव पडला, तर ठरलेला भाव आणि बाजारभाव यांच्यातला फरक सरकार शेतकऱ्याला भरून देते. सरकारने आपल्या शेतकऱ्याला सांभाळले, यात आमचे चुकले काय?”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी थांबून पाहत राहिले. मी मनात जो धडा रचला होता त्यात अमेरिकेची बाजू अन्यायाची ठरणार होती, पण तो फरक म्हणजे या मुलांच्या घरी ज्याची मागणी वर्षानुवर्षे चालली आहे ते भावांतर होते. मोर्च्यांतून, ग्रामसभांतून, चहाच्या टपरीवर त्यांनी हा शब्द ऐकलेला आहे. असे सरकार आपल्याला मिळाले असते तर, हा विचार त्या टाळ्यांमध्ये होता, आणि तो चुकीचा आहे असे मी आजही म्हणणार नाही.

उत्तर द्यायला आफ्रिकी देशांच्या बाकावरून बुर्किना फासोची बाजू मांडणारी मुलगी उठली. ही एरवी मागे बसणारी, कमी बोलणारी. तिने फळ्यावर दोन आकडे लिहिले. मालीचे आणि बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष २००३ च्या जुलैत एका अमेरिकी वृत्तपत्रात लेख लिहून जो हिशेब मांडत होते, त्यातलेच ते आकडे होते: २००१-०२ मध्ये अमेरिकेतील २५,००० कापूस उत्पादकांना मिळालेले अनुदान, सुमारे ३ अब्ज डॉलर, आणि बुर्किना फासोत कापसावर जगणारी माणसे, २० लाख. तिने भागाकार करून दाखवला. एका अमेरिकी शेतकऱ्यामागे सरासरी १,२०,००० डॉलर येत होते. बुर्किना फासोचे संपूर्ण देशाचे वार्षिक उत्पन्न त्या एकूण रकमेहून कमी होते, हेही तिने सांगितले. मग अमेरिकेच्या बाकाकडे वळून ती म्हणाली, “सरकारने दिलेला पैसा तुमच्या घरात गेला. पण पडलेला भाव आमच्या घरात आला, त्याचं काय?”

इथे मी मध्ये पडून पुढचा दुवा समजावून दिला, कारण त्याशिवाय तिचे वाक्य नुसते भावनेचे ठरले असते. भाव पडला की शेतकरी त्या पिकाखालचे क्षेत्र कमी करतो, पुढच्या हंगामात माल कमी येतो आणि भाव सावरतो. सरकार फरक भरून देत असेल तर क्षेत्र कमी करायचे कारणच उरत नाही. माल तेवढाच पिकत राहतो, अमेरिकेसारख्या देशाचा बहुतांश कापूस निर्यातीला जात असल्याने तो जगाच्या बाजारात ओतला जातो आणि भाव आणखी खाली येतो. ज्याच्या मागे असे सरकार नाही तो सगळा उतार स्वतःच्या अंगावर घेतो. एका मुलाने विचारले, “मॅडम, मंग आमच्या बाजारातला भाव बी तिकूनच पडते का?” मी त्याला न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराविषयी, म्हणजे पुढे द्यायच्या कापसाचा भाव आधीच ठरवणाऱ्या बाजाराविषयी, सांगितले, आणि नुकत्याच घडलेल्या गोष्टीची आठवण दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने उठवले होते आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली होती. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा हे त्याचे कारण होते. पण हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला असताना खेडा खरेदीचा व्यापारी त्याहून बराच खाली बोलतो आहे, हे मुले घरी रोज ऐकत होती.

दुसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला मी कानकुनमधील जाहीरनाम्याच्या मसुद्यातील कापसाविषयीचा परिच्छेद वाचून दाखवला. अनुदाने बंद करण्याची तारीख त्यात नव्हती. ज्या देशांची अर्थव्यवस्था कापसावर उभी आहे त्यांनी इतर उत्पादनांकडे वळावे, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्थांचा निधी वापरावा, असा त्याचा रोख होता. क्षणभर शांतता झाली आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे सोयाबीन घ्या म्हनून सांगून रायले.” वर्ग हसला, पण त्या हसण्यात राग होता. पिके बदला, हा सल्ला या मुलांच्या वडिलांनी इतक्या वेळा आणि इतक्या सभांमध्ये ऐकला आहे की आफ्रिकी प्रतिनिधींना तो का झोंबला, हे मला एका शब्दानेही समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर जे घडले त्यासाठी माझी तयारी नव्हती. ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध व्यापार संघटनेत २००२ मध्येच तक्रार केली होती, एवढे गटांच्या कागदांत होते. त्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे मी मुद्दाम लिहिले नव्हते. गटांना आपसात बोलायला वीस मिनिटे दिली असताना अमेरिकेच्या बाकावरचा एक मुलगा ब्राझीलकडे गेला, दोन्ही गट डोक्याला डोके लावून बोलले, आणि परत आल्यावर ब्राझीलच्या प्रमुखाने उभे राहून जाहीर केले की अमेरिका आम्हाला भरपाई देणार आहे, त्यामुळे आम्ही आमची तक्रार मागे घेत आहोत. बुर्किना फासोच्या मुलीने विचारले, “आणि आमचं?” ब्राझीलच्या मुलाने खाली पाहिले. त्याला खरोखरच वाईट वाटले होते, पण त्याने सौदा मोडला नाही.

मी त्यांना तिथेच थांबवले आणि खरा इतिहास सांगितला. ब्राझील तो खटला जिंकला. २००५ मध्ये अपिलातही निकाल त्याच्याच बाजूने लागला, आणि अमेरिकेने पुरेसे बदल न केल्याने २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळाली. ते टाळण्यासाठी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. बेनिन आणि चाड हे देश त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सामील होते. त्यांच्या वाट्याला या पैशातले काहीच आले नाही. ब्राझीलच्या हाती धमकावण्याजोगी बाजारपेठ होती. चाडने अमेरिकेच्या कोणत्या मालावर शुल्क लावायचे आणि त्याने अमेरिकेचे काय अडणार होते? २००५ च्या हाँगकाँग परिषदेत कापसावरची निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले खरे, पण देशांतर्गत अनुदानांचा मूळ प्रश्न या चार देशांच्या हाती अजूनही तसाच आहे.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. स्वतः नुकताच केलेला सौदा मोठ्या माणसांनी खरोखर केला होता, याचा त्यांच्यावर झालेला परिणाम मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होता.

आता भारताच्या बाकाची पाळी होती. कानकुनमध्ये भारत ब्राझील आणि चीनसह विकसनशील देशांच्या जी-२० गटात (मोठ्या अर्थव्यवस्थांचा जी-२० तो वेगळा) होता, आणि मी दिलेल्या कागदात भारताची भूमिका गरीब देशांचा कैवारी म्हणून रंगवलेली होती. त्या गटातील मुलाने त्याप्रमाणे आफ्रिकी देशांना पाठिंबा जाहीर केला. बुर्किना फासोची मुलगी पुन्हा उठली. “तुमचा हमीभाव ही सबसिडी आहे का नाही? तुम्ही ती कमी करणार का?”

भारताच्या बाकावरचे पाचही जण एकदम ‘नाही’ म्हणाले. मग ते माझ्याकडे पाहू लागले. तो कागद मी लिहिला होता आणि त्यातली ही उणीव माझी होती, म्हणून मी जे माहीत होते ते सर्व त्यांच्यापुढे ठेवले. भारताचा हमीभाव मर्यादेपेक्षा अधिक आधार देतो असा आक्षेप अमेरिकेने २०१८ मध्ये कापसाच्या बाबतीत घेतला होता. भारताला हिशेबाची ती पद्धत मान्य नाही, कारण तिच्यात तुलनेचे भाव १९८६ ते १९८८ या वर्षांचे धरतात आणि प्रत्यक्षात सरकारने खरेदी केलेल्या मालाऐवजी देशाचे सगळे उत्पादन मोजतात. मार्च २०१२ मध्ये भारताने एकाएकी कापसाची निर्यात थांबवली होती, तेव्हा इथल्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि आपल्या रुईवर चालणाऱ्या बाहेरच्या गिरण्याही अडचणीत आल्या. आणि त्याच २०१२ पासून भारताने या चार देशांसह आफ्रिकेतील आणखी काही देशांसाठी कापूस तंत्रसाहाय्य कार्यक्रम राबवला, ज्यात तिकडच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या, कामातल्या लोकांना आमच्या शेजारच्या नागपुरात प्रशिक्षण दिले गेले. हे सगळे एकाच देशाने केले आहे, एवढेच मी म्हणाले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. हमीभाव सोडायला भारताचा बाक अखेरपर्यंत तयार झाला नाही. बुर्किना फासोनेही त्यांना सोडा म्हटले नाही. तिने वेगळेच मागितले: तुम्ही बाजारात माल सोडाल किंवा अडवाल तेव्हा आम्हाला आधी कळवा. हा ठराव एकमताने लिहिला गेला. त्या वर्गात एकमताने झालेला तो एकमेव ठराव होता, आणि पाठ्यपुस्तकातल्या ‘सहकार्य’ या शब्दापेक्षा तो मला जास्त खरा वाटला.

घंटा झाल्यावर कोणी उठेना. प्रश्न सुरू झाले, आणि ते परीक्षेचे नव्हते. तिकडे कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर असतो का? तिकडेही बीटी लावले होते का? बुर्किना फासोने २००८ पासून बीटी कापूस लावला आणि धाग्याची लांबी कमी भरू लागल्यावर २०१६ मध्ये तो थांबवला, हे ऐकून एक मुलगा म्हणाला की आमच्याकडे असा निर्णय कोण घेणार. तिकडे कापूस कंपनी बियाणे-खत उधारीवर देते, पेरणीआधी भाव जाहीर करते आणि गावच्या शेतकरी गटाकडून सगळा माल उचलते, याचे त्यांना फार नवल वाटले. चुकारे मात्र तिकडेही रखडतात, याचे कोणालाच वाटले नाही. थॉमस संकारा या त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने ऐंशीच्या दशकात सरकारी नोकरांना देशी हातमागाचे कापड नेसायला लावले होते, हे सांगितल्यावर सेवाग्रामची सहल करून आलेल्या मुलींनी आपसात काहीतरी कुजबुजले.

बुर्किना फासोची मुलगी पुढचे तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा तिची बोटे बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली होती. फळ्यावर लावलेला पश्चिम आफ्रिकेचा नकाशा घरी न्यायला मिळेल का, असे तिने विचारले. शेतात वेचताना तिने वडिलांना सगळी हकिगत सांगितली होती, आणि त्यांनी ऐकून घेऊन एकच विचारले होते की त्या लोकांच्या वेचण्या कधी असतात.

“आपल्याच महिन्यांत,” मी म्हणाले, आणि नकाशाच्या टाचण्या काढून तो तिच्या हातात दिला.