द्वारका: पुलाखालचं गणित

नाशिकचा मुंबई–आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल 2013 मध्ये खुला झाला. लांबी साधारण सहा किलोमीटर. ताशी 50 चा वेग धरला तर सात-सव्वासात मिनिटांत शहर मागे पडतं. पिंपळगावहून मुंबईला निघालेला टोमॅटोचा ट्रक वरून निघून जातो, ते बरंच आहे. पण पंचवटीतून नाशिकरोडला जाणाऱ्याला त्या पुलाचा काय उपयोग? त्याला पुलाखालचा द्वारका चौक चुकत नाही.

द्वारकेवर महामार्गाला पुणे रोड मिळतो, शिवाय जुन्या नाशकाकडचा रस्ता. चार बाजू धरा. प्रत्येकीला 40 सेकंद हिरवा सिग्नल आणि चौक रिकामा व्हायला 5 सेकंद, म्हणजे एक फेरी 180 सेकंदांची, तासाला 20 फेऱ्या. हिरव्यात एका लेनमधून दोन सेकंदाला एक कार सुटते. 40 सेकंदांत 20, तासाला 400. हे सगळं शिस्तीत झालं तर! सिग्नलच्या तोंडाशी डाव्या लेनमध्ये एक रिक्षा प्रवासी घ्यायला थांबली की ती लेन गेली. दोन लेनच्या 800 गाड्यांचे 400 होतात, आणि उरलेल्या रांगेत उभ्या राहतात. म्हणून रिक्षा आणि बसचे थांबे चौकापासून निदान 75 मीटर पुढे हवेत. सिग्नलचे सेकंद वाढवून हे सुटत नाही. एका बाजूला दिलेले 10 सेकंद बाकीच्या तिघांची वाट तेवढीच लांबवतात.

पायी चालणाऱ्यांसाठी इथे भुयारी मार्ग केला, तरी लोक रस्त्यावरूनच पळतात. जिने उतरा, पुन्हा चढा, हातात पिशव्या, कोण जाईल?

याच महामार्गाखालून जाणाऱ्या इंदिरानगर बोगद्याचं दुखणं वेगळं. बोगद्यातून बाहेर पडलं की समोर लगेच सर्व्हिस रोड. वळायला थांबलेल्या गाड्यांना उभं राहायला जागाच नसते, त्यामुळे तिसरी-चौथी गाडी बोगद्यातच अडकते आणि समोरून येणाराही अडतो. संध्याकाळी तिथून वळण्यापेक्षा मुंबई नाक्याचा फेरा परवडतो.

आडगावकडून पुणे रोडला जायचं असेल तर मात्र उड्डाणपुलावर चढूच नका. तो द्वारकेच्या वरून जातो. अमृतधामपासूनच सर्व्हिस रोड धरा, गोदावरीवरचा कन्नमवार पूल ओलांडा आणि द्वारकेच्या बऱ्याच आधी डाव्या लेनमध्ये या.