हिला किती पैसं पडलं?

"सायकलनं तुला आणलं, का तूच सायकलीला आणलंस, लेकरा?"

आज भोरजवळच्या रेसमध्ये, दुसऱ्या लॅपला, सायकल खांद्यावर टाकून चढ चढत होतो तेव्हा एका आजींनी विचारलं. धारदार दगडावर मागचं टायर फाटलेलं. ट्यूबलेस टायर, भोक आपोआप बुजवणारं सीलंट वगैरे सगळं फुस्स.

माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री रेसमध्ये हे चालायचंच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक पंक्चरमुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला आणि शेवटच्या लॅपला फ्रान्सच्या कोरेत्स्कीला गाठून सुवर्ण घेऊन गेला. मी 41वा आलो. असो.

आजींच्या डोक्यावर सरपणाची मोळी. माझ्या 12 किलोंच्या सायकलपेक्षा नक्कीच जड. पायात झिजलेली रबरी चप्पल. धाप मात्र मलाच लागलेली.

"हिला किती पैसं पडलं?"

"पंधरा हजार," मी म्हणालो.

खरा आकडा एक लाख दहा हजार.

"लई झालं की!" म्हणत त्या बाजूच्या उतारावरून सरसर निघूनही गेल्या. त्याच उतारावर मी दोन्ही ब्रेक आवळून बसतो.

टायर उद्या बदलेन. पण पंधराच का म्हणालो असेन मी?