तुम्ही विचारलंत म्हणून : वण जातो का?

माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत भाजल्याचा वण आहे. तो पाहून लोक विचारतात, "हा जाईल का? तुम्ही काही लावत नाही का?" विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी कोणीतरी नुकतेच भाजलेले असते, म्हणून हे उत्तर नीट देणे मला आवश्यक वाटते.

वण पूर्णपणे जात नाही. त्वचेचा खोल थर नष्ट झाला की शरीर ती जागा कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी भरून काढते. निरोगी त्वचेत हे तंतू जाळीसारखे विणलेले असतात, तर वणात ते बहुतांशी एकाच दिशेने दाटीने पसरतात. खोल भाजल्यावर तिथे केस आणि घर्मग्रंथी पुन्हा येत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात माझा सारा हात घामाने भिजतो आणि तेवढा पट्टा कोरडा राहतो. मात्र वण स्थिरावायला साधारण 12 ते 18 महिने लागतात, आणि उपचारांचा सर्वाधिक उपयोग त्याच काळात होतो.

हे मला उशिरा कळले. बंबातले कढत पाणी हातावर सांडले तेव्हा घरच्यांनी घाबरून टूथपेस्ट लावली. खरे तर हात लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरायला हवा होता. जखम भरायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला, आणि अशा जखमांचे वण जाड होण्याचा धोका मोठा असतो. खपली पडल्यावर आम्ही निर्धास्त झालो. कोपर दुमडून ठेवले की बरे वाटे, म्हणून मी ते तसेच ठेवत राहिले आणि दोन महिन्यांत हात सरळ होईनासा झाला. ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत वण आखडतो, हे फिजिओथेरपिस्टने समजावल्यावर रात्री स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा कडक आधार), दिवसातून अनेकदा ताणाचे व्यायाम, खोबरेल तेलाने मालिश आणि आंघोळीपुरती काढायची घट्ट दाबाची बाही असे वर्षभर चालले. वैशाखात ती बाही नकोशी होई. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टीही रोज किमान 12 तास लावली, आणि उन्हाने वण अधिक काळवंडतो म्हणून बाहेर पडताना तो झाकला.

केलॉइडची गोष्ट वेगळी आहे. जाड झालेला साधा वण जखमेच्या हद्दीत राहतो; केलॉइड ती ओलांडून वाढत जातो. सावळ्या त्वचेत तो अधिक आढळतो, विशेषतः कानाची पाळी, छाती आणि खांद्यावर. माझ्या मावशीने कान टोचल्यावर आलेला केलॉइड नुसता कापून घेतला, तो पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत आला. शस्त्रक्रियेला स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची किंवा अन्य उपचाराची जोड लागते, हे आधी विचारून घ्यावे.

माझा हात आता पूर्ण सरळ होतो, रंग मात्र वेगळाच राहिला आहे. तुमच्या घरातल्या माणसाचा वण कसा दिसतो हे नंतर पाहा. आधी त्याचे कोपर सरळ होते का, मान दोन्ही बाजूंना वळते का, बोटे पूर्ण उघडतात का, एवढे तपासा. थोडेही आखडले असेल तर याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे न्या.